खानदेशच्या पाण्यात शेवाळ खाणारे मासे: कोणता घ्यावा आणि कसा जगवावा

दुकानात जाऊन "काचेवरचं शेवाळ खाणारा मासा द्या" म्हटलं, की पिशवीत बोटभर लांबीचा, काळपट, तोंड काचेला चिकटवून बसलेला मासा मिळतो. आपल्याकडे त्याला सरसकट 'सकर' म्हणतात. स्वस्त असतो, चिवट असतो, आणि पहिले दोन-तीन महिने काच खरंच लख्ख ठेवतो. म्हणून नवीन माणूस खूश होतो. मीही झालो होतो. अमळनेरच्या घरात माझा पहिला टँक दोन फुटी होता. दोन वर्षांत तो सकर फूटभर झाला. टँकची रुंदीही फूटभरच, त्यामुळे वळताना शेपटी काचेवर आपटायची. रात्री सगळं शांत झालं की तो आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा. शेवटी धुळ्याच्या एका ओळखीच्यांच्या अंगणात मोठा हौद होता, तिथे तो दिला.

हा मासा चांगल्या पाण्यात दीड फुटापर्यंत वाढतो, आणि मोठा झाला की शेवाळापेक्षा दाण्यांवर जास्त जगतो. दोन-अडीच फुटी टँकसाठी तो नाहीच. मग कोणता घ्यायचा? ते आपलं पाणी आणि आपला उन्हाळा ठरवतो. पुण्या-मुंबईकडचे सल्ले जसेच्या तसे उचलले की इथे मासे मरतात, म्हणून हे खास खानदेशातल्या नवख्यांसाठी लिहितोय.

आधी शेवाळ ओळखा

सगळं शेवाळ एक नसतं आणि एकच मासा सगळं खात नाही. टँकसमोर बसा आणि काचेवर बोट फिरवा.

बोटाला तपकिरी धूळ लागली, तर ते नव्या टँकचं शेवाळ. पहिल्या महिना-दोन महिन्यांत जवळजवळ प्रत्येक टँकमध्ये येतं आणि बरेचदा आपोआप जातं. मऊ हिरवा थर असेल तर मासे तो आवडीने खातात. काचेला घट्ट बसलेले हिरवे ठिपके मात्र सहसा माशांच्या तोंडाला निघत नाहीत, ते जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचे. धाग्यांसारखं लांब वाढणारं शेवाळ काही मासे खातात. पानांच्या कडांवर काळ्या दाढीसारखे झुपके आले तर ती पानं कापून टाकणं सोपं.

दोन प्रकारांना कुठल्याच माशाचा उपयोग नाही. एक म्हणजे पाणीच हिरवं होणं. पाण्यात तरंगणारं ते सूक्ष्म शेवाळ चाटणाऱ्या माशाच्या तोंडात येतच नाही. दुसरा निळसर-हिरवा, बुळबुळीत, चादरीसारखा सुटून येणारा आणि कुबट वास मारणारा थर. ते खरं शेवाळ नव्हे, जिवाणू आहेत. हाताने काढा, खाली साचलेली घाण नळीने ओढून घ्या, तीन-चार दिवस टँकवर जाड चादर टाकून पूर्ण अंधार ठेवा आणि चादर काढल्यावर अर्धं पाणी बदला. अंधाराच्या दिवसांत हवेचा पंप बंद करू नका.

आणि मासा आणण्याआधी दिवा मोजा. दिवसभर चालू राहणारा दिवा आणि दोनदा मूठ-मूठ टाकलेले दाणे, शेवाळाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. दिवा सहा ते सात तास पुरे. प्लगमध्ये लावायचा साधा टायमर मिळतो, तो घ्या. टँक पश्चिमेच्या खिडकीजवळ असेल तर जागा बदला, कारण आपल्याकडचं दुपारचं ऊन शेवाळही वाढवतं आणि पाणीही तापवतं. जुन्या धाब्याच्या घरात राहत असाल तर तुम्ही नशीबवान. मातीच्या जाड भिंतींची, आतली अंधारी खोली टँकसाठी उत्तम. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर टँक ठेवू नका.

पाणी मोजा

साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो, गीझरची कॉइल दरवर्षी खराब होते. आपल्या बोअरच्या पाण्याची ही लक्षणं घरोघरी माहीत आहेत. म्हणजे पाणी जड आहे, त्यात क्षार भरपूर आहेत. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, पेनासारखं छोटं टीडीएस मीटर घ्या, वर्षानुवर्षं कामाला येतं. माझ्या बोअरचा आकडा ८५० च्या आसपास येतो, आरओच्या पाण्याचा ४०. टीडीएस म्हणजे नेमका जडपणा नव्हे, पण घरगुती अंदाजाला पुरतो. थेंब टाकून जडपणा मोजायचं किट मिळालं तर अधिक चांगलं.

नळाचं पाणी बोअरपेक्षा हलकं असतं, पण त्यात क्लोरीन असतो, आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की त्याचा वास जास्त येतो. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकायचं. नळ तीन-चार दिवसांनी येणाऱ्या गावांत पाणी तसंही ड्रममध्ये भरून ठेवलेलं असतं. झाकण उघडं ठेवून त्यात रात्रभर हवेचा पंप सोडला तर बराच क्लोरीन उडून जातो, तरी मी दोन थेंब टाकतोच.

आता मासा

नवख्याला मी पहिलं नाव सांगतो ते काळी मॉली. दुकानदार तिला शेवाळ खाणारी म्हणून विकत नाही, ती शोभेच्या माशांच्या टँकमध्ये असते. पण मॉलीचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं आणि दिवसभर ती काच, पानं, दगड टोचत फिरते. मऊ हिरवा थर खाते, कोवळे धागेही खाते. मुख्य म्हणजे जड पाणी तिला मानवतं. ज्या बोअरच्या पाण्याने इतर मासे कोमेजतात त्यात मॉली टवटवीत राहते, हलक्या पाण्यात उलट आजारी पडते. तीन-साडेतीन इंचांपर्यंत वाढते, २८ अंशांच्या पाण्यात मजेत असते. एक नर आणि दोन-तीन माद्या असं घ्या, नुसता नर-मादीचा जोड घेतला तर नर मादीचा पिच्छा सोडत नाही. ती पिल्लं घालते, आणि भरपूर घालते. त्यांचं काय करायचं ते आधी ठरवा. पिल्लं नकोच असतील तर फक्त नर घ्या. नराचा पोटाखालचा पर बारीक काडीसारखा असतो, मादीचा पंख्यासारखा. आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्यांसाठी हौदात सोडतात ते गप्पी मासेही याच कुळातले. तेही थोडं शेवाळ टोचतात, पण मॉलीइतकं नाही.

दुसरी निवड ब्रिसलनोज. सकरच्याच घराण्यातला, पण चार-पाच इंचांवर थांबतो. मोठ्या नराच्या नाकावर फांद्यांसारखे मऊ काटे येतात, त्यावरून तो लगेच कळतो. तपकिरी धूळ आणि मऊ हिरवा थर खाण्यात याच्याइतका मेहनती मासा मी पाहिला नाही. मध्यम जड पाण्यात जगतो, तेव्हा बोअरमध्ये अर्धं आरओचं पाणी मिसळलं की झालं. याला टँकमध्ये लाकूड लागतं. तो ते सतत खरवडतो आणि त्याखाली लपतो. दुकानातलं पाण्यात बुडणारं ड्रिफ्टवुड घ्या, शेतातली ओली फांदी आणून टाकू नका. दोन फुटी टँकमध्ये एकच ठेवा, दोन नर जागेवरून भांडतात. हा मासा घाणही खूप करतो. "सफाई करणारा मासा आणला, आता पाणी बदलायला नको" हा समज इथेच मोडून काढा.

तिसरा ओटो, पूर्ण नाव ओटोसिंक्लस. दक्षिण अमेरिकेतला, जेमतेम दीड इंचाचा, अंगावर काळा पट्टा, स्वभावाने इतका गरीब की गप्पीच्या पिल्लांनाही त्रास देत नाही. पानाला इजा न करता वरचा थर पुसून काढतो. फोटो पाहून सगळ्यांना हाच हवा असतो. पण याला हलकं पाणी, जुना स्थिर टँक, २२ ते २६ अंश तापमान आणि किमान सहा जणांची सोबत लागते. म्हणजे आपल्या पाण्याच्या आणि मे महिन्याच्या अगदी उलट. माझ्या हिशोबाने एक भाग बोअर आणि चार भाग आरओ मिसळलं की टीडीएस २०० च्या जवळ येतो, तिथे ओटो राहतात. इतकी तजवीज आणि सहा-आठ महिन्यांचा टँक असेल तरच ओटोचा विचार करा.

धाग्यांच्या आणि काळ्या दाढीच्या शेवाळासाठी सयामीज अल्गी ईटरचं नाव घेतात. काम उत्तम करतो, पण सहा इंच होतो, सतत पोहतो, उडी मारतो. तीन-चार फुटी, झाकण असलेल्या टँकसाठी ठीक. त्याच्या नावावर भलताच मासा विकला जातो, म्हणून खूण लक्षात ठेवा. खऱ्या सयामीजचा काळा पट्टा नाकापासून थेट शेपटीच्या टोकापर्यंत जातो आणि पट्ट्याच्या कडा करवतीसारख्या असतात. पट्ट्याच्या वर सोनेरी रेघ दिसली तर तो फ्लाइंग फॉक्स. आणि तोंड खालच्या बाजूला चूषकासारखं असेल, किंवा अख्खा मासा पिवळा-सोनेरी असेल, तर तो चायनीज अल्गी ईटर. हा शेवटचा छोट्या टँकमध्ये अजिबात नको. मोठा झाला की शेवाळ सोडून दुसऱ्या माशांच्या अंगाला चिकटतो आणि वरचा स्तर चाटून काढतो. चपट्या अंगाच्या एंजल माशांच्या कुशीवर मी त्याने केलेल्या जखमा पाहिल्या आहेत.

मासाच हवा असा हट्ट नसेल तर नेराइट गोगलगाय. जड पाण्यात तिचं कवच मजबूत राहतं, घट्ट हिरवे ठिपकेही ती काढते, आणि गोड्या पाण्यात तिची अंडी फुटत नाहीत, म्हणून टँक गोगलगायींनी भरून जात नाही. पांढरी अंडी दगडांवर ठिपक्यांसारखी दिसतात, एवढाच दोष.

टँकला महिनाभर द्या

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. वाळू, दगड धरले तर ५० समजा. एवढ्यात एक ब्रिसलनोज आणि चार मॉली, किंवा फक्त पाच-सहा मॉली. यापेक्षा लहान काचेच्या भांड्यात शेवाळ खाणारे मासे ठेवू नका.

भरलेल्या टँकमध्ये त्याच दिवशी मासे सोडले तर त्यांच्या मल-मूत्रातला अमोनिया त्यांनाच मारतो. फिल्टरच्या स्पंजात जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. आपलं बोअरचं पाणी अल्कधर्मी, आणि अशा पाण्यात तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणून इथे घाई अधिकच महाग पडते. फिल्टर चालू ठेवा, चिमूटभर दाणे रोज टाका, म्हणजे जिवाणूंना खायला मिळेल. ओळखीच्या कुणाचा जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरच्या स्पंजाचा तुकडा मागून आणा, निम्मा वेळ वाचतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मासे आणायचे. आधी मॉली, शेवाळ खाणारा ब्रिसलनोज त्यानंतर महिन्याने, कारण त्याला खायला काचेवर थर तयार असायला हवा.

दुकानात पोट पाहा

माझी सर्वांत मोठी हानी इथे झाली. ओटो पहिल्यांदा दुकानात दिसले तेव्हा मी सहाच्या सहा उचलले. काचेला चिकटून स्थिर बसले होते, मला वाटलं शांत आहेत. घरी पिशवी दिव्यासमोर धरली तर आई जवळ येऊन पाहत म्हणाली, "हाऊ मासा ते उपाशी शे रे भाऊ." तिला माशांमधलं काही कळत नाही, पण जनावरांची पोटं तिने जन्मभर पाहिली आहेत. खालून पाहिलं तर पोटाच्या जागी खळगा होता, दोन्ही बाजूंची कातडी आत ओढलेली. आठ दिवसांत पाच गेले.

हे मासे दूरवरून पकडून, कित्येक दिवस पिशव्यांत आणि उघड्या टाक्यांत उपाशी राहून आपल्यापर्यंत येतात. मुंबईहून इथवर रात्रीच्या गाडीचा प्रवास वेगळाच. म्हणून घाई करू नका. मासा काचेला चिकटलेला असताना पोट आपल्याकडेच असतं, ते नीट पाहा. गोलसर, किंचित फुगीर पोट हवं. सपाट असेल तर दुकानदाराला "खायला घाला, पुढच्या आठवड्यात येतो" सांगा आणि खरंच पुढच्या आठवड्यात जा. आठवडाभर तिथे टिकलेला मासा घरीही टिकण्याची शक्यता खूप जास्त. डोळे खोल गेलेले, शेपटी फाटलेली, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला एक जरी मासा त्या टाकीत असेल तर तिथला कुठलाच घेऊ नका.

दुपारी मासे आणू नका. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत पिशवी दहा-पंधरा मिनिटांतही फार तापते. संध्याकाळी उशिरा जा, पिशवी कापडात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवा.

घरी आल्यावर दिवा बंद करा. पिशवी पंधरा मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगू द्या. मग मासा पाण्यासकट बादलीत घ्या आणि सलाइनच्या नळीने टँकचं पाणी थेंब-थेंब सोडा, तासाभरात बादलीतलं पाणी तिप्पट झालं पाहिजे. दुकानातल्या आणि आपल्या पाण्याच्या क्षारांत मोठा फरक असतो, मासा त्या फरकाने मरतो. शेवटी जाळीने मासा उचलून टँकमध्ये सोडा, बादलीतलं पाणी झाडांना घाला.

शेवाळ संपल्यावर काय खाणार?

छोट्या टँकमधलं शेवाळ मेहनती मासा पंधरा दिवसांत फस्त करतो. काच स्वच्छ दिसली की आपण समाधानी, आणि तो उपाशी. त्याला खायला घालावंच लागतं.

आपल्या भाजीबाजारात त्याची सोय स्वस्तात होते. बाहेरचे लोक झुकिनी सांगतात, मी गिलकं वापरतो. कोवळं गिलकं घ्या, मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून स्वच्छ धुवा, फवारणीच्या भीतीने साल काढाच. एक बारीक तुकडा जिभेवर ठेवून पाहा, कडू निघालं तर अख्खं फेका. बोटभर जाडीची चकती उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका, गार करा, स्टीलच्या चमच्याच्या दांड्यात खोचून रात्री दिवा बंद झाल्यावर टँकच्या तळाशी ठेवा. पहिल्या रात्री मासा तिकडे फिरकणार नाही, त्याला ती खायची वस्तू आहे हे माहीत नसतं. सकाळी काढून टाका, दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चकतीचा गर नाहीसा आणि जाळी तेवढी शिल्लक दिसेल. काकडी, पालकाचं उकडलेलं पानही चालतं. आठवड्यातून दोन-तीनदा भाजी, बाकी दिवशी तळाशी बसणारी शेवाळाची गोळी. भाजी बारा तासांपेक्षा जास्त पाण्यात राहू देऊ नका, पाणी नासतं.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर महिनाभर जमवलेले जिवाणू क्लोरीनने मरतील.

वैशाख

जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो. घरातल्या टँकचं पाणी ३२-३३ ला पोचलं की ब्रिसलनोज पृष्ठभागाशी येऊन श्वास घेऊ लागतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला मात्र जास्त लागतो, अशी दुहेरी कोंडी होते.

पण आपली हवा कोरडी असते, आणि हीच आपली जमेची बाजू. कोरड्या हवेत माठातलं पाणी गार होतं, वाळ्याच्या ताट्यांचा कूलर काम करतो, तसंच टँकवरही करता येतं. झाकण काढून त्या जागी बारीक जाळी बसवा आणि छोटा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवा, दिवा पाच तासांवर आणा, खाणं निम्मं करा. लोडशेडिंगसाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलाच पाहिजे. बर्फ थेट टाकू नका. अगदीच वेळ आली तर बंद बाटलीत गोठवलेलं पाणी तरंगत ठेवा आणि तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नका.

फॅन लावला की माझ्या टँकमधून रोज दीड लिटर पाणी उडतं. इथे बहुतेक जण चुकतात. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. ती तूट बोअरच्या पाण्याने भरली तर ५० लिटरच्या टँकमध्ये टीडीएस रोज २५ ने चढतो आणि महिन्याभरात जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून उडालेलं पाणी फक्त आरओच्या पाण्याने भरा. आठवड्याला बदलायचं ते नेहमीच्या मिश्रणाने. काचेच्या वरच्या कडेला पांढरी रेघ जाड होत चालली, तर हिशोब चुकतोय हे समजा.

हिवाळ्याचं थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो. ५० वॅटचा, तापमान आपोआप धरून ठेवणारा हीटर २५ वर लावा. पाणी बदलताना तो आधी बंद करा, उघडा पडला तर काच तडकते.

मासा टँकला मोठा झाला किंवा पिल्लं जास्त झाली, तर ती गिरणा, पांझरा, तापी, कुठल्याच नदीत सोडू नका, गावच्या तलावातही नाही. सकर देशातल्या अनेक नद्या-तळ्यांत असाच पोचला आणि तिथल्या माशांची जागा घेऊन बसला. काठ पोखरून बिळं करतो, मासेमारांची जाळी फाडतो. दुकानदाराला परत द्या, नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाला.

उन्हाळ्यातलं सर्वांत अवघड काम आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला येतं. तुम्ही गावी जाणार असाल तर निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, दिवा टायमरवर ठेवा, फॅन आणि पंप चालू राहू द्या. मोठे, धडधाकट मासे चार-पाच दिवस न खाता सहज राहतात, म्हणून शेजाऱ्यांना दाणे देऊन जाऊ नका. त्यांच्याकडे फक्त आरओच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा आणि टँकच्या काचेवर चिकटपट्टीने रेघ मारून सांगा, रोज या रेघेपर्यंत पाणी भरायचं, बाकी कशालाही हात लावायचा नाही. आणि आखाजीला लेकी-भाचरं तुमच्याच घरी येणार असतील, तर दाण्यांचा डबा उंच फडताळावर ठेवा. मुलांच्या हातात गिलक्याची चकती द्या, चमच्यात खोचून ती त्यांनाच रात्री पाण्यात सोडू द्या, आणि सकाळी उठल्यावर किती खाल्लं ते त्यांनाच पाहायला सांगा.